ज्या नावाला बाळ गप झालं

वैनी,

मी सास्तूरला दादाकडं चाललेय. त्यो कालपासनं फोन उचलत न्हाय.

काल बाळ रडायचं थांबंना, तवा मथुराकाकूनं घरातल्या मेलेल्यांची नावं घेतली. ज्या नावाला गप होईल, त्यो माणूस बाळाच्या रूपानं परत आला म्हणं. आण्णासाहेब झाले, वसंतराव झाले, गप होईना. मी वैतागून म्हणले, "आता ह्याच्या जित्या बापाचंच घ्या की, आमच्या दादाचं, युवराज." बाळ झटकन गप झालं. तुमी हसलात, पण हातातली पाळण्याची दोरी सुटली, ते मी बघितलं. तवापासनं ते रडलंच न्हाय, भुकेनंसुद्धा.

बारशाला आत्या म्हणून मी कानात तुमी मोबाईलवर शोधलेलं 'अन्वय'च सांगणार. अर्थ वंशच हाय, पण आपल्या कुणा मेलेल्याचं नाव न्हाय.

बाळ रडलं तर गप करू नका, रडलं म्हंजी दादा त्याच्यात आला न्हाय. फोन लावून मला ऐकवा, मी अर्ध्या वाटंतनं माघारी येते.

निकिता