दूध पाजायची सुट्टी

परभणी,
दि. २१ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंना,
तुमच्या सुनेचा मनापासून जयभीम.

हुरडा पोचला. तुमच्या लेकाने निम्मा एकट्यानेच फस्त केला आणि वर म्हणाले, "मीठ जरा कमी हाय." लाज म्हणून नाही! तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत शेकायला बसताना पिंकीला शेगडीपासून लांब ठेवत असालच. तिला तिच्या आजीइतकं कोण जपणार?

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोन लावला की मागून पिंकीची बडबड ऐकू येते आणि मला पुढचं काही सुचत नाही. म्हणून लिहून ह्यांच्याजवळ देते आहे. चष्मा लावून निवांत वाचा.

दुकानात लग्नसराईची गर्दी आहे. दिवसभर साड्या उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. मागच्या आठवड्यात एक बाई तान्हं लेकरू घेऊन शालू बघायला आली. लेकरू भुकेनं रडायला लागलं आणि इकडे माझं ब्लाऊज भिजलं. मी हातातला शालूच छातीशी धरला. गल्ल्यावरून मालक ओरडले, "शालू खराब करायलीस का?" त्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हाच बांधा." डाग पडलेला तोच शालू तिने नेला.

आत्याबाई, दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, "आता आटलंच असंल." मी हो म्हटलं. आटलेलं नाही. रोज दुपारी दुकानाच्या मोरीत जाऊन पिळून टाकते. रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवते.

माझ्यासोबत काम करणाऱ्या राजेश्रीला हे कळलं. दुकान बंद असतं त्या दिवशी तिने मला ओढतच कामगार ऑफिसात नेलं. मला वाटायचं, बाळंतपणाची रजा संपली की कायदाही संपला. तिथल्या मॅडमनी समजावून सांगितलं, की बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी मिळते आणि पगार कापता येत नाही. आपली पिंकी आत्ता कुठे नऊ महिन्यांची आहे!

दुसऱ्याच दिवशी मालकांना सांगितलं. त्यांनी फोन लावून कुणाला तरी विचारलं आणि म्हणाले, "कायदा हाय, कबूल. पन लेकरू तर तिकडं पालमला सासूपाशी हाय की! पाजायला एसटीनं जायलीस का?" सगळे हसले, आधी मीही हसले. माणूस वाईट नाही. नंतर बोलावून म्हणाले, "लेकरू आन, मी आडवा येनार न्हाई."

मी कामावर हजर झाले तेव्हा तुम्ही पिंकीला घेतलं नसतं, तर माझी नोकरी टिकली नसती. हे मी कधी विसरणार नाही. मामंजी गेल्यापासून मुकं झालेलं तुमचं घर तिने बोलतं केलं, हेही मला दिसतं. म्हणून इतके दिवस जीभ रेटत नव्हती. पण मागच्या खेपेला मी हात पुढे केले तर तिने तुमच्या मानेत तोंड लपवलं. तुम्ही म्हणालात, "झोपंत हाय गं." ती जागी होती, आत्याबाई. तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही माझ्यासाठीच तसं म्हणालात.

मला तिला तुमच्यापासून तोडायचं नाही. तुम्हीही या. शेळ्या सांभाळायला शेजारच्या सुलाबाई तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. आपली खोली लहान आहे, पण दुकान दोन गल्ल्यांवरच आहे. तुम्ही तिला दोनदा कडेवर घेऊन आलात की मागच्या गोदामात आपण तिघी बसू. पहिले काही दिवस ती माझ्याकडे येणार नाही. तुम्ही जवळ असलात तर येईल.

राग आला तर माझ्यावर काढा. ह्यांनी "आईला तूच सांग" म्हणून अंग काढून घेतलं आहे.

हे शनिवारी पत्र घेऊनच तिकडे येतील आणि रविवारी दुपारच्या गाडीने परततील. एकटेच उतरले तरी मी एक शब्द बोलणार नाही. पण जेवणाच्या सुट्टीत मी स्टँडवर येऊन थांबेन. निघालात, तर पिंकीला तिचं लाल टोपरं घाला. गाडीच्या खिडकीत मला लांबूनच दिसेल.

तुमची सून,
आणि अजूनही पिंकीची आई,
रोहिणी