पोतं उघडून बघायचं काम

आबा, जहाजावर मी इंजिनावर नव्हतो. कचरा जाळायच्या भट्टीवर होतो. एवढं एक वाक्य लिहायला मला म्हातारपण यावं लागलं, आणि तुम्ही जाऊन तर किती वर्षं झाली.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी जहाजावर लागलो. माझी पत्रं तुम्ही पेडगावच्या विहारात मोठ्यानं वाचून दाखवायचात. "पोरगं इंजिनावर हाय आमचं!" मग मी काय लिहिणार, कपाळ? दीक्षा घेतली तशी तुम्ही मेलेली ढोरं ओढणं सोडलंत, परभणीच्या जिनिंगमध्ये बॉयलरवर आगवाला झालात, आणि मला एकच गोष्ट बजावलीत, "दुसऱ्याच्या घाणीत हात घालायचा न्हाई. उपाशी मेलास तरी न्हाई."

भट्टीचा नियम साधा होता. प्रत्येक पोतं उघडायचं, हातानं चिवडून बंद डबे बाजूला काढायचे, आणि आत जाळ असताना दार उघडायचं नाही. मी पोतं उघडतच नव्हतो. तुमचा शब्द पाळत होतो ना! बांधलेली पोती तशीच आत ढकलायचो, आणि कुणी बघायच्या आत उरकावं म्हणून घाई. त्या दिवशी पहिलं पोतं जळतंय, भट्टी लालभडक, आणि मी दुसरं कोंबायला दार उघडतो. आत रंगाचा बंद डबा फुटतो. माझा हात कोपरापर्यंत भाजतो. शेजारी उभा असलेला जोडीदार, रत्नागिरीकडचा, तोंड धरून खाली बसतो. "मला दिसत नाय रे," एवढंच ओरडत राहतो. आठ दिवस त्याचे डोळे बांधलेले होते. त्या दिवसांत मी जेवलो की नाही, आठवत नाही. त्याला दिसायला लागलं, नशीब माझं.

सुट्टीवर आलो. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तुम्ही माझी बाही वर सारलीत.

"कशानं भाजलं?"

"वाफेनं. इंजिनात."

तुमचा अंगठा त्या डागावरून हलेना. जन्म बॉयलरपुढं काढलेला माणूस. "वाफेचं असं नसतंय," म्हणालात. "काय जाळायलास तू तिथं?"

"तेल."

तव्यावरची भाकरी करपली, तरी आईसुद्धा हलली नाही. मग तुम्ही बाही खाली ओढलीत. "आत काय चाललंय ते बघितल्याबिगर हात घालू नको, लेका. कळलं का?" तुम्हाला किती कळलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

परत गेलो आणि प्रत्येक पोतं उघडलं. उष्टं, चिंध्या, तेलकट बोळे, सगळ्यात हात घातला. पुढं माझ्या भट्टीपाशी कुणाला चटकासुद्धा बसला नाही. तुमचा शब्द मोडल्याचं वाईट वाटेल म्हणून लय वाट बघितली. वाटलंच नाही.

पण एक सांगतो, आबा. तुम्ही असतात ना, तर हे पत्र मी लिहिलं नसतं.