नंबर अकराचा शेवट

६ मार्च, बुधवार

डायरी मागच्या सालची आहे. छापलेला वार खोडून खरा लिहिते.

नळाला आज सातवा दिवस. बोअर सकाळी दहा मिनिटं चालला, मग नुसती हवा. शेजारच्या प्लॉटवर पाच मजली उठणार आहे, त्यांनी सातशे फूट खाली नेलंय. आपला तीनशे वीस. आपलं पाणी तिकडं उतरलं म्हणायचं, दुसरं काय.

रेणू लॅबमधून दोनला आली. जेवताना म्हणाली, "आई, आठवी फेरी आलीय. ऐकायची?"

नको म्हणाले.

७ मार्च, गुरुवार

नको म्हणाले खरं, पण दिवसभर डोक्यात तेच.

यांची स्पर्धा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात यांनी तीस वर्षं कीबोर्ड वाजवला. डीजे आले आणि काम बसलं. मग दोन वर्षांपूर्वी या इंटरनेटवरच्या स्पर्धेत शिरले. कॉम्प्युटरच्या आतलं एक फुकटचं वाद्य, सिंथ म्हणतात. सगळ्यांनी तेवढंच वापरायचं. दुसरं वाद्य नाही, बाहेरून टिपलेला आवाज नाही. ढोल पाहिजे तर त्यातूनच घडवा, बासरीही त्यातूनच. हे म्हणायचे, "सगळ्यांना एकच पातेलं, एकच पळी, एकच कांदा. बघू कोणाचं कालवण जमतं."

ट्रॅक नुसते नंबर घालून येतात. ऐकायचं, मत द्यायचं. नावं पंधरा दिवसांनी उघडतात. हे मला ओट्यापाशी सगळे ट्रॅक ऐकवायचे. "सांग, माझा कुठला."

सात फेऱ्या झाल्या. साती वेळा बरोबर ओळखला.

"कसं ओळखतेस गं?"

सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या वेळी मुद्दाम केलं असतं, नाहीतर मुद्दाम टाळलं असतं.

९ मार्च, शनिवार

ऐकलं. बारा ट्रॅक आहेत. या फेरीचा विषय ‘कोरडं’. हा विषय फेब्रुवारीत दिलाय. हे गेले जानेवारीच्या अठराला.

भाकऱ्या चालू होत्या. एक ते दहा तसेच. कोणी वारा केलाय, कोणी पाचोळा.

नं. ११ लागला आणि मी गॅस बंद केला.

रेणू म्हणाली, "काय झालं?"

काही नाही म्हणाले.

१० मार्च, रविवार

कोणालाच सांगितलेलं नाही, इथंही कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

यांचा ट्रॅक शेवटाकडं थांबतो. पूर्ण शांत होतो. ऐकणाऱ्याला वाटतं संपला, तो बंद करतो. पण दहा-बारा श्वास जाऊ दिले की एक सूर येतो. एकच. बारीक, जरासा उतरलेला. बाहेरून आलेला माणूस दाराशी घसा साफ करतो ना, तसा. मग खरा संपतो.

यांना स्वतःला ते कळत होतं की नाही, मला माहीत नाही.

नं. ११ शांत झाला. मी श्वास मोजले. सूर आला.

१२ मार्च, मंगळवार

टँकर आला. दोन ड्रम आणि सगळी पातेली भरली.

शांत जागा आली की थांबायची मला सवय आहे, आणि ती सवय वाईट. हे गेले त्या दिवशी सातव्या दिवसाचं पाणी आलं होतं. टाकी भरली का बघायला हे गच्चीवर गेले. मी खाली मोटरच्या बटणापाशी. "मी सांगेपर्यंत बंद करू नको," म्हणाले. मी उभी राहिले. वरून काही आवाज नाही. मला वाटलं टाकी अजून भरायचीय. मोटर कोरडी चालायला लागली, घरघर बदलली, तरी मी थांबले. यांनी सांगितलं होतं ना.

वर गेले तेव्हा हे टाकीपाशी पडलेले. तोवर किती वेळ गेला ते आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, लगेच वर गेला असतात तरी फरक पडला नसता. डॉक्टर भले आहेत.

१४ मार्च, गुरुवार

शकीलभाई आले. ऑर्केस्ट्रात यांच्या शेजारी ऑक्टोपॅड वाजवायचे, तेही या स्पर्धेत असतात. मला संशय त्यांचाच होता. यांचे आवाज त्यांच्याकडंही असतात, प्रत्येक फेरीनंतर आपापले घडवलेले आवाज सगळ्यांना वाटायची रीत आहे तिथं. म्हटलं दोस्तीखातर केलं असेल, वाईट वाटू नये म्हणून.

सरळ विचारलं. "अकरा नंबर तुमचा का?"

कपबशीत चहा तसाच राहिला. "नक्को भाभी. मेरा चार नंबर है. ऐसा बकवास बना कि मेरी बीवी बोली, मिक्सर खराब हुआ क्या." मग हसू गेलं. "अकरा नंबर सुना मैंने. आवाज तो दादा के है. पण दादा के आवाज सबके पास है ना."

"शेवट ऐकला?"

"हौ. एकदम बंद होता. अधूरा छोड दिया किसी ने."

म्हणजे पुढं थांबले नाहीत. ट्रॅकखाली लोकांनीही तेच लिहिलंय, रेणूनं वाचून दाखवलं. शेवट अर्धवट. छान चाललं होतं, अचानक सोडून दिलं.

१७ मार्च, रविवार

पिशोरहून वहिनी आली, ज्वारी घेऊन. आल्या आल्या, "लई वाळलीस गं." दुपारी तिला नं. ११ ऐकवला. का, ते माहीत नाही. घरचं कोणीतरी ऐकावं म्हणून असेल.

वहिनीनं तोंडाला पदर लावला. "ह्याला गाणं म्हणायचं व्हय? आमच्या हिरीवरची मोटर अशी वरडती, पाणी सरल्यावर."

शांत झाल्यावर ती फोन ठेवायला लागली. मी तिचा हात धरला. थांब म्हटलं. सूर आला.

वहिनीनं फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला जिता असताना बी कवा उठायचं कळलं नाय. दारात चप्पल घालून तासभर बोलायचा." आणि रडली. मी नाही.

२१ मार्च, गुरुवार

नावं उघडली. अकरा नावं. नं. ११ समोर रिकामी जागा.

स्पर्धा चालवणारे कोल्हापूरचे कदमसर. त्यांनी खाली लिहिलंय: हा ट्रॅक बिननावाचा आलाय. ज्याचा असेल त्यानं पंधरा दिवसांत नाव आणि मूळ फाईल पाठवावी. मूळ फाईल म्हणजे ज्यात तो ट्रॅक बांधलाय ती. ती उघडली की कळतं, फक्त ते एकच वाद्य वापरलं की नाही. आली नाही तर ट्रॅक काढून टाकू.

काढून टाकू.

रेणूला म्हटलं, "काढला म्हणजे ऐकायला मिळणार नाही?"

"नाही." ती ताटाकडं बघत होती.

२३ मार्च, शनिवार

यांच्या खोलीत झाडायला गेले. कॉम्प्युटरवरचं फडकं. मीच शिवलंय, जुन्या चादरीचं. मी घालते तेव्हा शिवण भिंतीकडं असते. आज शिवण माझ्याकडं होती.

घरात आम्ही दोघीच.

२४ मार्च, रविवार

रेणूला विचारलं. लगेच कबूल झाली, जशी वाटच बघत होती.

"मी केला, आई. बाबांनी घडवलेले आवाज होतेच. मी फक्त मांडले."

दहावीपर्यंत यांनीच तिला शिकवलेलं. मग हिनं सोडलं. एकदा यांना म्हणाली होती, "हे कोण ऐकतं, बाबा?" तेव्हापासून यांनी तिला ऐकवलं नाही.

"तू बिनचूक ओळखायचीस. म्हटलं, आणखी एकदा तुला ओळखायला मिळावं. मग लगेच सांगणार होते. पण तू गॅस बंद केलास आणि मला सांगताच येईना."

"आणि नाव?"

"काय लिहू? माझं लिहिलं तर तुझं ओळखणं खोटं. बाबांचं लिहिलं तर मी खोटी."

मी उठून गच्चीवर गेले. मुलीनं मला माझ्याच घरात फसवलं. दोन महिने मी धड उभी होते, कोणापुढं हात पसरला नाही की गळा काढला नाही. गेल्या पंधरा दिवसांत मी रोज दुपारी चार वाजता माणूस आल्यासारखी चहा टाकत होते.

२६ मार्च, मंगळवार

आम्ही दोघी बोललो नाही. ती डबा घेऊन जाते, डबा धुऊन ठेवते.

मग आज भांडी लावता लावता एक गोष्ट सुचली आणि हात थांबला. तो सूर. ते मी कोणाला सांगितलंच नव्हतं. रेणूला कुठून कळलं?

२७ मार्च, बुधवार

विचारलं.

रेणू म्हणाली, "मी बाबांचे ट्रॅक कुठं ऐकायचे? मी तुझ्याकडं बघायचे. दुसऱ्या कोणाचा असला की तू थापत राहायचीस. बाबांचा असला की शेवटी तुझा हात परातीवर थांबायचा, आवाज बंद झाल्यावरसुद्धा. म्हणून मी शेवटी मोकळी जागा ठेवली. तू थांबशील म्हणून."

"आणि मोकळ्या जागेच्या पुढं?"

"पुढं काय?"

मी फोन मागितला. नं. ११ लावला. शांत झाला. रेणू म्हणाली, "बास, इथं संपतो."

गप म्हटलं. मोजले.

सूर आला. रेणूनं माझ्या मनगटाला धरलं. "हा मी टाकला नाही."

परत लावला. परत आला.

२८ मार्च, गुरुवार

लॅबमधून येऊन ती तडक कॉम्प्युटरवर बसली. मीही शेजारी बसले, पहिल्यांदाच. पडद्यावर रंगीत पट्ट्या आहेत, एकेक पट्टी म्हणजे एकेक सूर. शेवटाकडं पट्ट्या संपतात, पुढं मोकळं. तिनं ते मोकळं मोठं मोठं करून बघितलं. काही नाही. वाजवून बघितलं. शांतच राहतं. पुन्हा तीनदा ट्रॅक तयार करून ऐकला. तिन्ही वेळा शेवटी काही नाही.

म्हणाली, "काही आवाजांना शेपूट राहतं, आई, सूर सोडल्यावरही मागं रेंगाळतं. तसलं काही असेल."

"शेपूट इतक्या उशिरा?"

"नसतं एवढं उशिरा."

३० मार्च, शनिवार

नळाचं पाणी या वेळी लांबणार. म्हणे कुठंतरी पाइप फुटला.

शकीलभाईंना बोलावून ऐकवलं, या वेळी शेवटपर्यंत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दादा ऐसाच करते थे स्टेज पे. सगळं थांबवायचे. आम्ही बघत राहायचो, लोग ताली भी बजा देते. फिर एक सूर. मैं बोलता, दादा, वाट लगा देते तुम मेरी." ते पुढं म्हणाले, "दादांनी घडवलेल्या आवाजातच कुछ छुपा के रखा होगा."

रेणू म्हणाली, "मग माझ्या फाईलमध्येही वाजायला पाहिजे ना, चाचा."

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. जाताना दारात म्हणाले, "भाभी, फाइल भेज दो. निकल गया तो फिर कहाँ सुनोगे?"

३१ मार्च, रविवार

फाईल पाठवायची की नाही, यावर आम्हा दोघींचं वाजलं. रेणूला भीती, खोटेपणाचा ठपका येईल. यांचं नाव त्या लोकांत चांगलं आहे, ते खराब होईल. मी म्हटलं, तू खोटं काय केलंस? नुसतं ठेवून बसलो तर ट्रॅक जातोच.

शेवटी नाव काय लिहायचं, तेही मीच सांगितलं. तुझं लिही. तू केलास.

"आणि तो सूर?"

त्याचं नाव विचारलेलं नाही अजून.

पाठवली.

४ एप्रिल, गुरुवार

कदमसरांचं उत्तर. रेणूनं वाचलं, मग मी माझ्या डोळ्यांनी दोनदा वाचलं. फाईल तपासली, एकच वाद्य आहे, नियमात बसतं. वडिलांबद्दल चार चांगले शब्द. आणि मग: ‘एक गोष्ट जुळत नाही. तुम्ही पाठवलेल्या ट्रॅकच्या अगदी शेवटी एक सूर आहे. फाईलमध्ये तो कुठंच नाही. आधी आमच्याही लक्षात आला नव्हता. बाहेरचा आवाज मिसळला असेल तर नियमाप्रमाणे ट्रॅक बाद करावा लागेल. तो सूर कुठून आला, एवढं रविवारपर्यंत कळवा.’

म्हणजे मला एकटीला ऐकू येतो असं नाही.

रेणू म्हणाली, "आई, काय लिहू?"

५ एप्रिल, शुक्रवार

पाणी आलं. नवव्या दिवशी.

रेणूची आज दुपारची पाळी, घरीच होती. जानेवारीपासून मोटर मी एकटीच लावते, अंदाजानं बंद करते. आज रेणू म्हणाली, "मी वर जाते, टाकी बघते. तू खाली थांब." मला नको होतं. पण ती चढून गेली होती.

बटण दाबलं. पाणी वर चढू लागलं. शेजारी त्यांचं खोदकाम बंद होतं, मजूर जेवायला बसले होते. सगळीकडं शांत. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. वरून काही आवाज नाही. मी श्वास मोजत होते की नव्हते, नक्की सांगता येत नाही.

मग, जिथं तो सूर यायचा तिथंच, मी मोटर बंद केली.

रेणू खाली आली. सलवार घोट्यापर्यंत भिजलेली. म्हणाली, "बरोबर काठोकाठ भरली. पण मी तुला सांगितलंच नव्हतं अजून. तोंड उघडणार, तेवढ्यात तू बंद केलीस. कसं कळलं?"

ओल्या पायांनी फरशीवर ठसे उमटले होते. मी पोतेरं घेतलं, पुसलं.

कदमसरांना कळवायला परवापर्यंत मुदत आहे. रेणूनं कोरं पान उघडून ठेवलंय. मी म्हटलं, तू जेवून घे, मी सांगते काय लिहायचं ते. सूर बाहेरचा नाही, घरचाच आहे.