एका बगळ्याला एक क्लिक

३ तारीख, सकाळ
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच जात होती, म्हणून तिथेच लिहिते. लेकीने तिचा जुना कॅमेरा दिला. वाचनालयाच्या हॉलमध्ये महिनाअखेर फोटोंचं प्रदर्शन आहे. उडता बगळा देणार. नणंदेला फोनवर सांगून टाकलं, माझं नाव खाली छापलेलं बघायला या. आता माघार नाही.

५ तारीख
तळ्यावर गेले. बगळा उठला. देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. तळं छान आलं आहे.

८ तारीख
लेक म्हणते, बटण दाबून धर, धडाधड वीस निघतात, एक ठेवायचा. आणि बाकीचे फेकायचे? मी भाजीचे देठ फेकत नाही. एका बगळ्याला एक क्लिक. यंत्रही झिजतं.

११ तारीख
गुडघा दुखतोय. आज बगळ्याचे पाय आले. नुसते पाय, वरच्या कोपऱ्यात. प्रगती आहे. यांना दाखवला. हे म्हणाले, उरलेला बगळा उद्या आण.

१५ तारीख
हे घडीची खुर्ची घेऊन सोबत आले. म्हणाले, तू ऐनवेळी डोळे मिटतेस. म्हटलं, मग देवाचं नाव काय टक लावून घ्यायचं? म्हणाले, तुझं नाव घेऊन होईपर्यंत बगळा पलीकडे पोचतो. देवाचं नाव घाईघाईत उरकणं मला जमणार नाही.

२० तारीख
फोटो द्यायचा शेवटचा दिवस. युक्ती सुचली. कॅमेरा यांच्याकडे दिला, म्हटलं जरा धरा, नाव आधीच घेऊन ठेवते. डोळे उघडले तर बगळा गेलेला. यांनी बटण दाबून धरलं होतं. ढीगभर फोटो. एकात पंख पूर्ण पसरलेले, चोचीत मासा. बाकीचे वाया गेले, ते बोलून दाखवलं.
फोटो माझ्या नावाने जाईल. प्रार्थना माझी होती. गुडघ्यामुळे द्यायला यांनाच पाठवलं.

२८ तारीख
फोटोखाली यांचं नाव. तिथल्या बाईंनी विचारलं, कोणी काढला, तर यांनी खरं सांगितलं. एरवी इतकी सवय नाही. नणंद म्हणाली, दादा, तुझ्यात ही कला होती होय. मग मला, वहिनी, तुमचा कुठला? म्हटलं, यातली देवाची बाजू माझ्याकडे होती.
उद्यापासून फुलं. फुलं कुठे जात नाहीत.

२९ तारीख
वारा होता.