कणगरांचं बियाणं

आई, परवा कणगरांचा वाफा खणला आणि आत काहीच नव्हतं. साली होत्या, कुरतडलेले दोन-चार देठ होते, बाकी नुसतं बीळ. वेल दरवर्षीसारखा पिवळा पडून नीट वाळला होता, त्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही. मी आपली टोपली शेजारी ठेवून, पदर खोचून बसले होते. कुदळ घातली तर ती कोपरभर आत गेली. घुशींनी खालून सगळं पोखरून ठेवलं होतं. मी सबंध वाफा उलटा केला, हाताने ढेकळं फोडली, चाळणीने माती चाळली. बोटाएवढं कणगरसुद्धा मिळालं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, नाही, माती मोकळी करतेय.

तुला वाटेल, ही बाई काही न करता बसली असणार. तसं नाही गं. मागच्या तीन बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटसाठी पाडल्या, तेव्हापासून तिथल्या घुशींनी आमच्या तळमजल्याकडे मोर्चा वळवला आहे. बिळांत काचा कोंबून वर सिमेंट ओतलं, त्यांनी वीतभर बाजूला दुसरं बीळ काढलं. डांबराच्या गोळ्या टाकल्या, मिरचीची धुरी दिली, तिने मलाच आठवडाभर खोकला झाला. पिंजऱ्यात बोंबलाचं डोकं लावलं, तर सोसायटीतलं मांजर अडकलं आणि मला ओरबाडून गेलं. शेवटी वाफ्याच्या तळाला फुटक्या लाद्या आणि वर बारीक जाळी अंथरली. लोखंडाची जाळी, आई. ती एका कोपऱ्यात गंजली आणि तेवढी जागा त्यांना पुरली. सोसायटीतले लोक म्हणतात, कशाला टेन्शन घेता, वर पेव्हर ब्लॉक टाका, गाडी लावायला होईल. त्यांचंही बरोबर असेल. कणगर म्हणजे काय, हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नाही. रताळ्यासारखा उकडून खायचा कंद म्हटलं, तर ते म्हणतात, मग रताळंच आणा.

गावाहून तू लग्नात काय आणलंस, असं कुणी विचारलं की तू हंडा नाही सांगायचीस, कणगरं सांगायचीस. नेरुळला हे घर मिळालं तेव्हा आत पंखेसुद्धा लागले नव्हते आणि तू मागच्या चार हात जमिनीत वाफा आखत होतीस. बियाण्याची कणगरं राखेत ठेवायची, तर इथे चूल कुठली. तू कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख मागून आणायचीस, ती चाळायचीस, टोपलीत एक थर राख, एक थर कणगरं असं करून टोपली खाटेखाली सरकवायचीस. आणि मे महिन्यात लावणीच्या आधी, आपलं एकही जमिनीत घालण्याआधी, त्यातली चांगली पाच निवडून सारसोळ्याच्या मावशीला द्यायचीस. मावशी म्हणजे आपल्याकडे मासे घेऊन यायची ती. मी तेव्हा सहावीत असेन. मोठी तिला कशाला, बारकी दे ना, असं मी तिच्यादेखत म्हणाले आणि ती गेल्यावर तू मला ओट्याशी उभं केलंस. हातात लाटणं होतं, पण मारलं नाहीस. "उद्या आपली सगळी गेली, तर मी कुणाकडे मागू?" एवढंच म्हणालीस आणि पोळ्या करायला वळलीस.

आपली सगळी गेली आहेत. म्हणून काल मी सारसोळ्याला गेले.

मावशीचं ते अंगण राहिलेलं नाही. तिथे चार मजली इमारत आहे आणि ती पहिल्या मजल्यावर लेकाकडे असते. पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून खाली येत नाही. अंगण गेलं तेव्हाच तिची कणगरंही गेली, हे मला ठाऊक होतं. तरीही गेले. तिने कुणाला पुढे दिली असतील, एखाद्या भाचीकडे, एखाद्या सुनेच्या माहेरी, असं मनाशी घोकत गेले. तिने सुनेला चहा करायला लावला, माझा हात धरून बसली, सगळं ऐकून घेतलं. कुणाला दिली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माजेकरं कणगरं असती तं तुला दिली नसती का गो?" ती म्हणाली. "तुजे आईनं इतकी वर्सं दिली, मनाच सांभाळता नाय आली. आनि तुजे तं तवापासून ह्या घुशी पाठीच लागल्यान."

तवापासून म्हणजे कधीपासून, ते मी तिला विचारलं नाही. मला माहीत होतं. तू गेलीस त्याच्या पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. तिचं घर पाडलं होतं, आणि इमारतीच्या गच्चीवर ड्रममध्ये लावीन म्हणून ती पहिल्यांदाच स्वतःहून कणगरं मागायला आली. दोनच दे, म्हणाली. मी दारात उभी राहून म्हटलं, मावशी, यंदा घुशींनी सगळी खाल्ली. तेव्हा इथे एकसुद्धा घूस नव्हती. खाटेखाली टोपली भरलेली होती. ती तू लावलेल्या वेलाची कणगरं होती, तुझ्या हातची शेवटची, आणि त्यातलं एकही मला घराबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. त्यानंतर ती पुन्हा मागायला आली नाही आणि मीही कधी कुणाला दिली नाहीत. एका वाफ्यात, एका खाटेखाली, अकरा वर्षं सगळी माझ्याजवळच ठेवली.

काल ती माझा हात धरून स्वतःला दोष देत होती आणि मी चहा पीत होते. निघताना तिने सुकटाची पुडी बांधून दिली, तीही घेतली. हे सगळं तिला सांगायला हवं होतं. ती अजून आहे, वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. तुला लिहिते आहे, कारण तू ऐकून माझ्याकडे बघणार नाहीस.