सकाळची सही

१४ तारीख, मंगळवार, दुपारी दुकानातून

ती. ताईस,

नमस्कार. "सप्रेम" लिहून खोडलं होतं, मग कागदच बदलला. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी अजून शब्दकोडं पेनने सोडवून मग सगळ्या पेपरभर खाडाखोड करतात का? तीन वर्षांनी हिचं पत्र आलं म्हणजे हिला काहीतरी हवं असणार, असं तू पाकीट बघूनच म्हणाली असशील. हवंय. फोन केला असता, पण तू उचलला असतास तर मी "सहज केला" म्हणून ठेवून दिला असता. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला नव्याने सांगायला नको.

दुकान चालू आहे, पण अर्धंच. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी मी डायलिसिसला असते. माझी मूत्रपिंडं साखरेनं खाल्ली हे तुझ्या कानावर आलंच असेल, आपल्याकडे वाईट बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. चार तास पलंगावर पडून राहायचं आणि छताच्या चौकटी बघायच्या. एकूण बेचाळीस आहेत. शेजारच्या पलंगावरच्या शाळामास्तरीण त्रेचाळीस म्हणतात. आमचा तेवढाच वाद होतो, आणि खरं सांगायचं तर आठवड्यातलं तेवढंच बोलणं होतं.

मशीनला रक्त पोचवायला माझ्या डाव्या हातात, मनगटाच्या वर, डॉक्टरांनी एक धमनी आणि एक शीर एकमेकींना शिवली आहे. हो, शिवली. बाहेरचे टाके मी मोजले, सात होते, काम स्वच्छ होतं. शिरेला बिचारीला संथ रक्ताची सवय. तिच्यात एकदम धमनीचं जोरात रक्त सुटलं, तशी दोन महिन्यांत ती रुंद झाली, तिचं अंग जाड झालं, आणि ती कातडीखाली फुगून वर आली. ती तशी झाली म्हणूनच तिच्यात जाड सुया घालता येतात. तिला फिस्टुला म्हणतात. वरून बोट ठेवलं की सारखी थरथर लागते. नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काकू, ही थरथर म्हणजे तुमचं सगळं. रोज सकाळी उठल्या उठल्या बघायची. थांबलेली वाटली तर चहासुद्धा न पिता इकडे यायचं."

त्यासाठी एक कार्ड देतात. तारीख, थरथर आहे की नाही, आणि पाहणाऱ्याची सही.

आता माझी पंचाईत ऐक. मला ती लागतच नाही. साखरेनं बोटांची टोकं बधिर झालीत. सुई टोचली तरी कापडावर लाल ठिपका पडल्यावर मला कळतं. नर्स म्हणाली, हात कानाशी धरा, आवाज येईल. पण चाळीस वर्षं शिलाईच्या मशीनशी बसून माझ्या कानात कायमची घरघर आहे. ऐकू येते ती कानातली की हातातली, कोण सांगणार? शेजारचा घड्याळवाला म्हणाला, मी येत जाईन रोज बघायला. भला माणूस आहे. पण रोज सकाळी त्याने माझा हात हातात धरून बसायचं याला माझी हरकत नसली तरी त्याच्या बायकोची असणारच.

तेव्हा नर्सने विचारलं, "घरी कोण असतं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मोठी बहीण."

एकदा निघालं ते निघालं. पुढे तिने तुझी चौकशी केली की मी सांगत गेले. तू गुडघ्यांमुळे रुग्णालयाचे जिने चढत नाहीस, स्वभावाने तापट आहेस, पण तुझा हात हलका आहे. अकरा महिने, ताई, रोज सकाळी मी त्या कार्डावर तुझी सही केली. ती खालची लांब रेघसुद्धा जमायला लागली. माझ्या प्रगतिपुस्तकावर तू आईची सही ठोकायचीस, तेव्हा मारायचीस तीच रेघ. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. सही करून झाली की मी "झालं गं" असं मोठ्याने म्हणायचे, रिकाम्या खोलीत.

मध्यंतरी दुकानात एक बाई माप द्यायला आली. माझा हात जवळ गेला तशी तिने दंड मागे ओढला. "हे काय आहे? माझ्याकडे येणार नाही ना ते?" मी हसले. पण त्याच दिवशी बसून मी स्वतःसाठी पूर्ण बाह्यांचे चार कुडते शिवले, आणि बाही वर सरकू नये म्हणून मनगटाच्या वर आत इलॅस्टिक घातलं. नेमकं त्याच जागी. दिसायला झकास बसले. दोन महिने मी ते घालून काम केलं, रुग्णालयात जाताना तेवढा सैल बाहीचा जुना घालायचे. मग सुया काढल्यावर रक्त लवकर थांबेना, मशीन सारखं ओरडायला लागलं. तपासलं तर मिनिटाला नऊशे मिलीच्या घरात जाणारं रक्त तीनशेवर आलं होतं. शिवलेल्या जागेपुढेच शीर आतून जाड होत होत अरुंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, रक्त वेगाने आदळत राहिलं की असं आपोआपही होतं, पण इलॅस्टिकनं भर घातली असणार. नर्सला कुडत्याचं कळलं तेव्हा म्हणाली, "एवढ्या मोठ्या शिंपीण तुम्ही, आणि घट्ट-सैल तुम्हाला मी सांगायचं?"

मग तिने कार्ड उघडलं. अकरा महिने, सगळीकडे "आहे", खाली तुझी सही. "तुमच्या बहिणीला काहीच वेगळं लागलं नाही? थरथर कमी झाली, ठोका कडक झाला, काहीच नाही?" ती तुझ्यावर चिडली, ताई. निष्काळजी म्हणाली तुला. आणि मी तोंड मिटून बसले. तुझ्या बाजूने एक शब्द बोलले नाही.

आत फुगा घालून ती जागा रुंद केली आहे. पण पुन्हा अरुंद होऊ शकते, तीन महिन्यांत, सहा महिन्यांत. बंद पडली आणि एक-दोन दिवसांत कळलं तर बहुतेक वाचवता येते. नाही कळलं तर गेली. उजव्या हाताच्या शिरा बारीक आहेत, तिथे दुसरी होणार नाही म्हणतात. मग मानेत नळी, आणि तिचा भरवसा किती दिवसांचा ते डॉक्टरही नीट सांगत नाहीत. मी खूप घाबरले आहे.

आई तुझ्याकडे चौदा महिने अंथरुणाला होती. मी हंगाम आहे, हंगाम आहे म्हणत दोन-दोन तासांसाठी यायचे. पुढून उघडणारे सहा गाउन शिवून आणले आणि मोठं काहीतरी केल्यासारखी मिरवले. तू म्हणालीस, "शिवणं पुरे. तिच्या अंगाला एकदा तरी हात लावलास का?" मी म्हणाले, ज्याला जे येतं ते तो करतो, आणि चपला घालून निघाले. तेव्हापासून आपलं बोलणं बंद. खरं आज लिहिते. मी हात लावला नव्हता. मला भीती वाटायची. तिची कातडी इतकी पातळ झाली होती की माझ्या हातून फाटेल असं वाटायचं. कापडाची मला जन्मात भीती वाटली नाही, आणि आईची वाटली. तू कशी वाटू दिली नाहीस, की तुलाही वाटायची?

पत्र लिहिण्यास कारण हेच. नर्सने तुला या शुक्रवारी घेऊन यायला सांगितलं आहे, हात कसा बघायचा ते तीच शिकवणार आहे. सकाळी सात वाजता. नवीन इमारतीत लिफ्ट आहे. तू आलीस तर तिच्यासमोर सगळं खरं मीच सांगेन, तुला एक शब्द बोलावा लागणार नाही. माझ्याशीही बोलायला नको. तीन बोटं ठेव आणि आहे की नाही एवढंच सांग. पुढे तुमच्या घराजवळच्या रुग्णालयात डायलिसिसला जागा मिळते का, याचीही मी चौकशी केली आहे. त्याचं तू म्हणशील तेव्हा बोलू. नाही म्हणालीस तरी तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आज सकाळी मी सही केली नाही. थरथर आहे की नाही, मला ठाऊक नाही. उद्या सुया लावताना कळेल. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल.

तुझी,
टाचणी

ता.क. कार्ड सोबत घातलं आहे. मागच्या सगळ्या सह्या मी खोडल्यात. शुक्रवारपासूनच्या जागा कोऱ्या आहेत.