ब्रेक लागला नाही

दि. २ फेब्रुवारी

चि. ढोल्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ठेवायला दिलंय. ट्रकमधून उतरून तिथे डबा खातोस, असं तुझी बायको म्हणाली. तिने आणखीही एक सांगितलं. शर्ट धुताना खिशात गोळ्या सापडल्या आणि त्या पित्ताच्या आहेत, असं तू तिला सांगितलंस.

मला नको फसवूस. अपघातातल्यांचं रक्त जिथे तपासायला येतं, तिथे तुझी बहीण अठरा वर्षं काम करतेय. गेल्या आठवड्यात एका ड्रायव्हरच्या रक्तात दारू निघाली आणि झोप उडवणाऱ्या गोळ्याही. त्याच्या गाडीखाली आलेल्या बाईची ओळख चपलेवरून पटवली. लहानपणी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. तुझ्या उत्तरात ते दिसणार नाहीत, म्हणून सुटलास.

काळजीत असलेली,
ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

तू उगाच घाबरतेस. चार दिवस सलग गाडी मारायची तर सगळेच घेतात. एक गोळी, आणि हात थरथरू नये म्हणून वर थोडी दारू. सोळा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. धडधाकट घरी पोचलेल्यांचं रक्त तुला कोण पाठवणार? म्हणून तुला सगळे मेलेलेच दिसतात.

रागावू नकोस.
तुझा ढोल्या

दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,

जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. वॉर्डच्या दाराशी पोलीस बसलाय, त्यानेच कागद दिला.

भर दुपार होती, रस्ता मोकळा. तिघंजण रस्त्यावर पट्टे रंगवत होते. ब्रेक लागला नाही. एक पुढच्या चाकाखाली गेला. दुसरा रंगाच्या ढकलगाडीसकट फरपटत गेला. पांढऱ्या रंगात रक्त मिसळून रस्ता गुलाबी झाला होता. तिसऱ्याने मला केबिनमधून खाली ओढलं आणि फावड्याने तोंडावर मारत राहिला. दात पडले तरी थांबेना. मारताना तो रडत होता. चाकाखाली त्याचा भाऊ होता.

ताई, माझं रक्त तुमच्याकडेच येईल. तू समजून घे.

तुझा ढोल्या

दि. ३ मार्च

चि. ढोल्या,

तुझ्या रक्ताची बाटली सोमवारी आली. तिच्यावर नाव नव्हतं, पण सोबतच्या कागदावरचा गाडीचा नंबर मला पाठ आहे. आदल्या दिवशी तुझी बायको घरी येऊन माझे पाय धरून बसली होती. बाटली हातातून निसटली म्हणून सांगा, एवढंच म्हणत होती.

बाटली हातात घेऊन मी बराच वेळ बसले. मग साहेबांकडे नेली आणि म्हटलं, हे माझ्या भावाचं आहे, मी तपासणार नाही. दुसऱ्या बाईंनी तपासलं. दारू आणि गोळ्या, दोन्ही निघालं. तुझी बायको आता माझ्याशी बोलत नाही.

गाडीचे ब्रेक ठणठणीत होते, असं पेपरात आलंय. कोर्टात काय सांगायचं ते तू ठरव. मला मात्र खरं लिही. तुझा संताप येतो, आणि तुझं फुटलेलं तोंड डोळ्यांसमोर आलं की वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवते.

तुझीच,
ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस,

तू केलंस ते बरोबर केलंस, हे कळायला मला चार दिवस लागले. ब्रेकचंच धरून ठेवा, असं वकील म्हणतो. मी त्याला नाही म्हणून लिहून दिलं.

ब्रेक मी दाबलाच नाही. चाकाखाली गेलेला तो माणूस मला लांबूनच लख्ख दिसला होता. सगळं कसं छान, हळूहळू चाललंय असं वाटत होतं. त्याने दोन्ही हात वर करून हलवले. मला वाटलं, कोणीतरी ओळखीचा आहे. मी हॉर्न वाजवला, आणि खिडकीतून हात काढून त्यालाही हात केला. तो ओरडतोय हे अगदी जवळ गेल्यावर कळलं.

हे मला कोर्टात त्याच्या भावासमोर सांगायचंय. कसं सांगू, ते कळत नाही.

बोलावंसं वाटलं नाही, तरी लिहीत राहा.

तुझा,
ढोल्या